घोळक्याचं सोंग

वेशभूषा करून घ्यायला मंडळी येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “यात मी कशी दिसेन?” माझं उत्तरही ठरलेलं. तू एकटी कशी दिसशील याची काळजी असेल तर दुकानातून ड्रेस भाड्याने आण. सगळ्या मिळून काय दिसाल हे बघायचं असेल तर घरातली जुनी चादर घेऊन ये, आपण बसू.

मी वसई पश्चिमेच्या गावपट्ट्यातली शिंपीण. माझा धंदा ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या फ्रॉकांचा. सोंगं शिवणं हे त्याच्या कडेकडेने वाढलेलं काम. त्यात पैसा फारसा नाही, वेळ मात्र भरपूर जातो. सुरुवात धर्मग्रामाच्या युवा मंडळामुळे झाली. नाताळचं नाटुकलं, गुड फ्रायडेची क्रूसाची वाट, शाळेचं स्नेहसंमेलन, मग सोसायटीतला गणपती, नवरात्र. आता गेल्या काही वर्षांत ऑक्टोबर संपता संपता विरार पश्चिमेच्या टॉवरांतून आणि वसई पूर्वेच्या एव्हरशाईनमधून पोरं येतात. मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, “आंटी, हॅलोवीनला ग्रुपचं काहीतरी करायचंय. बजेट नाहीये.” गावातली पोरं मला मावशी म्हणतात, टॉवरमधली आंटी. बजेट दोघांकडेही नसतं.

हे काम मला खऱ्या अर्थाने समजलं ते रोमन शिपायांमुळे. क्रूसाच्या वाटेला शिपाई लागतात, आणि दोन-तीन असून भागत नाही, तुकडी लागते. पहिल्यांदा मुंबईहून एक तयार पोशाख आणला होता. पितळी रंगाचं चिलखत, लाल झगा, शिरस्त्राण, सगळं. तो घातलेला मुलगा झकास दिसायचा आणि बाकीचे त्याच्या शेजारी कंगाल. लोक त्या एकट्याकडेच बघत राहिले. पुढच्या वर्षी तो पोशाख बाजूला ठेवला आणि सगळ्यांना सारखंच दिलं: मरून रंगाचं अस्तराचं कापड खांद्यावरून, कमरेला रेक्झिनच्या पट्ट्या आणि डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी. टोपीवरचा तुरा म्हणजे कपडे घासायचा लाल ब्रश. ब्रशाची लाकडी पाठ करवतीने पातळ केली आणि टोपीवर आडवी शिवली. जवळून बघितलं तर हसू यावं असा प्रकार. पण ती तुकडी एका चालीने चर्चच्या आवारात शिरली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी कपाळावर क्रूसाची खूण केली.

तिथे मला हिशेब कळला. एकट्या माणसाच्या सोंगात एकही वस्तू कमी पडून चालत नाही, कारण बघणाऱ्याला दुसरीकडे बघायला जागाच नसते. आठ जण असले की प्रत्येकाने एकच खूण नेमकी केली तरी पुरते, उरलेलं शेजारचा भरून काढतो. म्हणून घोळक्याचं सोंग स्वस्त पडतं. कापडाच्या भावाचा संबंध त्यात फार थोडा.

या नियमाची सगळ्यात कडक परीक्षा वारली चित्राच्या सोंगावेळी झाली. नालासोपाऱ्याची कॉलेजची मुलं होती, वेशभूषा स्पर्धेसाठी आलेली. स्पर्धा दुसऱ्याच दिवशी नव्हती एवढंच नशीब. आपल्या पालघर जिल्ह्याची ओळख म्हणजे वारली चित्र. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, इतकं त्या पोरांना गुगलवरून माहीत होतं. पण चित्र अंगावर कसं चढवायचं? मी म्हटलं, काळे टी-शर्ट आणि काळ्या पँटी आणा, बाकी मी बघते. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, काडीसारखे हात-पाय. त्रिकोणांच्या रेघांसाठी पोरांनी पांढरी चिकटपट्टी आणली होती. ती मी परत पाठवली. घामाने अर्ध्या तासात सुटते. त्याऐवजी पायजम्याची पांढरी नाडी टाचली. नाडी स्वस्त, धुता येते, आणि कार्यक्रम झाल्यावर टाके उसवले की टी-शर्ट पुन्हा वापरात.

तयार झाल्यावर एकेक जण आरशासमोर उभा राहिला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. खरंच, एकटा मुलगा नाड्या टाचलेला मुलगाच दिसत होता. मी त्यांना अंगणात नेलं, मध्ये एकाला लांब दुधीचा तारपा धरून उभं केलं आणि बाकीच्यांना कमरेला हात घालून त्याच्याभोवती वळत जायला सांगितलं. चेहरे समोर नकोत, सगळ्यांनी बाजू दाखवायची. शेजारचा रिक्षावाला गेटातून बघत होता. तो म्हणाला, “अरे, हे तर भिंतीवरचं चित्र!” मग पोरांनी आरशात बघणं सोडलं.

विरारच्या भुतांची गोष्ट जरा मोठी आहे, कारण तिच्यात भांडणही होतं.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली. म्हणजे सकाळी अभ्यंगस्नान, उटणं, कारीट फोडणं, आणि त्याच संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये हॅलोवीन. सोसायटीतल्या ज्येष्ठांनी साहजिकच डोळे वटारले. दिवाळीच्या दिवशी भुतं नाचवायची? माझ्याकडे आलेला ग्रुप सहा-सात जणांचा, मुलं-मुली मिळून. ऑनलाइन तयार पोशाख हजार-बाराशेच्या खाली नव्हता आणि त्यात एकजण व्हॅम्पायर, एकजण जोकर, एकजण कुठल्याशा सिनेमातली नन. मी विचारलं, “हे सगळे एकत्र का आलेत? यांचं एकमेकांशी नातं काय?” कोणाला सांगता येईना.

मी म्हटलं, आपल्याकडे भुतांची काय कमतरता आहे? त्या वर्षी जूनमध्ये ‘मुंज्या’ सिनेमा येऊन गेला होता, त्यामुळे मुंजा सगळ्यांना ठाऊक. बाकीच्यांची यादी करायला बसलो तर हडळ आली, समंध आला, चकवा आला, पाण्यातला गिरा आला. आणि या सगळ्यांना बांधायला दोरा हवा होता तो मिळाला: वेताळाची पालखी. अमावास्येच्या रात्री वेताळ आपली भुतावळ घेऊन निघतो, हे कोकणात आणि देशावर कोणत्याही आजीला विचारा. पालखी केली की सगळी भुतं एका रांगेत चालणार, मध्ये कोणाला एकट्याने उभं राहून अभिनय करावा लागणार नाही.

मुंज्याला आजोबांचा पंचा, दोऱ्याचं जानवं आणि काळ्या लोकरीची शेंडी. समंध पैशाची राखण करतो, म्हणून त्याला धोतर, उपरणं आणि कमरेला घरातल्या बिनकामाच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा, चालला की खुळखुळणारा. चकवा माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवतो. त्याच्या पाठीपोटावर पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या, ‘विरार फाटा’ असं लिहिलेल्या आणि बाण प्रत्येकीवर वेगळीकडे. गिऱ्याचे केस खोबरेल तेलाने निथळते केले आणि खांद्यावर फाटकं जाळं टाकलं, ते अर्नाळ्याच्या एका ओळखीच्या घरातून आलं. कसरत पडली ती हडळीला. तिचे पाय उलटे हवेत. जुन्या कॅनव्हासच्या बुटांचे पुढचे चवडे कापले, त्यात चिंध्या भरल्या आणि ते दुसऱ्या बुटांच्या टाचांना शिवले. साडी पुढून जमिनीपर्यंत सोडली की पुढची टोकं झाकली जातात आणि पाय मागे वळल्यासारखे वाटतात. सगळ्यात जास्त कौतुक या बुटांचं झालं. खर्च: दाभणाचा जाड दोरा.

पालखीला बांबू आणि चादर. कोरलेला भोपळा मागत होते, त्याऐवजी कुंडीवाल्याकडून किरकोळ तडा गेलेली मडकी आणली, त्यांना डोळे-तोंड कोरलं आणि आत बॅटरीचे दिवे ठेवले. तसं पाहिलं तर आयर्लंडमध्येही आधी भोपळा नव्हता, लोक सलगम कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. ज्याच्या शेतात जे पिकतं ते त्याने कोरावं.

भांडण मिटलं ते विचित्र रीतीने. रंगीत तालमीच्या दिवशी सोसायटीतले एक आजोबा रागावून बघायला आले आणि हडळीपाशी थांबले. “हिचा पदर चुकलाय,” म्हणाले, “आमच्या गावात हडळ पाठीवर पदर घेत नाही.” मग दुसरे आजोबा म्हणाले, समंध असा वाकून चालत नाही, ताठ चालतो, तो सावकार असतो. अर्ध्या तासात तीन खुर्च्या लागल्या. वेळ ठरली: आधी सगळ्यांकडे फराळ, रात्री नऊनंतर पालखी, लहान मुलांना घाबरवायचं नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी यातलं काही उरता कामा नये. गोष्टी सांगायला आजोबाच पुढे.

आमच्या गावातली अडचण वेगळी. आम्हा ख्रिस्ती लोकांत १ नोव्हेंबर सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर मृतांचा दिवस. दफनभूमीत जाऊन थडगी साफ करायची, फुलं ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या. त्याच्या आदल्या रात्री पोरांनी कवट्या रंगवून फिरणं अनेकांना रुचत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या आईने त्या वर्षी मूल पुरलंय तिच्या दारावरून हाडांचा सापळा नाचत जाऊ नये. पॅरिस धर्मप्रांताने २००२ साली यावर उपाय काढला होता, त्या संध्याकाळी मुलांनी संतांचे वेश करायचे. तसं काही करावं म्हणून आमच्याकडच्या सिस्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, संत शोधायला लांब कशाला जायचं? संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं, आणि ते एकटे नव्हते, एकूण २६ जण होते. एवढा मोठा तयार ग्रुप दुसरा कुठे मिळणार? ते फ्रान्सिस्कन होते, म्हणजे तपकिरी झगा आणि कमरेला तीन गाठींचा दोर. सोबत जपानी माणसं होती, त्यांना बाबांचे गाऊन आणि आईच्या साडीचा रुंद पट्टा. तपकिरी चादरी कमी पडल्या तेव्हा पांढऱ्या चादरी चहाच्या चोथ्यात उकळल्या. रंग एकसारखा आला नाही, आणि त्यामुळेच बरा दिसला. सगळ्यांचे झगे एकाच ताग्यातले असले तर शाळेचा गणवेश वाटतो.

स्वस्तात करायचं म्हणजे सामान कुठून आणायचं हे माहीत हवं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याचे गाळे आहेत. फोमच्या शीटचे कातरलेले तुकडे, पॅकिंगचा कागद, रेक्झिनच्या कडा, काय हवं ते तिथे फेकलेलं असतं. नम्रपणे मागितलं तर सुपरवायझर गोणी भरून देतो. फ्रिजचे खोके दुकानदार भंगारवाल्याला देतात, त्याच्या आधी पोहोचायचं. वाडीत केळीचं सोपट आहे, नारळाच्या झावळीच्या बुडाला जाळीसारखं खरखरीत कापड येतं ते आहे. त्याचा धनगराचा अंगरखा असा होतो की शिवून तसा होणार नाही. २०१८ च्या बंदीपूर्वी सगळे थर्मोकोलवर तुटून पडायचे, मुकुट थर्मोकोलचे, पंख थर्मोकोलचे. बंदी आल्यावर युवा मंडळाने हाय खाल्ली. मला आनंदच झाला. थर्मोकोल दिसतो गुळगुळीत, पण गर्दीत एक धक्का लागला की पंख मोडतो. कागदाच्या लगद्याला मैद्याची खळ घातली, त्यात चिमूटभर मोरचूद टाकून माळ्यावर ठेवलं, की मुखवटा वर्षानुवर्षं राहतो. मोरचूद विषारी असतं, ते मी स्वतः घालते, पोरांच्या हातात देत नाही.

लगद्याची गोष्ट मी जव्हारकडे बोहाडा बघताना शिकले. रात्रभर संबळ आणि सनई चाललेली, एकेक देवाचं, राक्षसाचं सोंग निघतंय. लाकडाचे आणि लगद्याचे ते मुखवटे इतके मोठे की आतल्या माणसाला समोरचं धड दिसत नाही. त्याच्या पुढेमागे माणसं असतात, वाट करून देतात, सावरतात. त्यांना कोणी बघत नाही, पण ती नसती तर सोंग दहा पावलंही गेलं नसतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ग्रुपला मी सांगते, एकाने वेश करायचा नाही. त्याच्याकडे पाण्याची बाटली, सेफ्टी पिना, सुईदोरा, सगळ्यांचे मोबाइल. यावरून रुसवे होतात. गंमत म्हणजे दुसऱ्या वर्षी बरेच जण ते काम स्वतः मागून घेतात.

आणि आग. याबद्दल मी कडक आहे. एकदा नाताळच्या तालमीला वीज गेली, कोणीतरी मेणबत्त्या लावल्या आणि एका छोट्या देवदूताच्या कापसाच्या पंखाने पेट घेतला. बाजूच्या माणसाने गोणपाट टाकून विझवलं, मुलीचे थोडे केस जळाले, त्यावर निभावलं. तेव्हापासून ज्याच्या हातात मेणबत्ती त्याच्या अंगावर कापूस नाही, क्रेप पेपर नाही, नायलॉनची नेट नाही. सुती कापड, आणि तेही घट्ट. कॅनडात असलेली माझी भाची सांगते, तिथेही एकेकाळी हॅलोवीनचे कपडे घरोघरी क्रेप पेपरचेच व्हायचे. डेनिसन नावाच्या कागदाच्या कंपनीने १९०९ पासून त्याची पुस्तकंच काढली होती, काय कापा, कुठे चिकटवा. तिने त्यातली पानं मला पाठवली. घुबडाचा एक झगा फार सुरेख आहे. मी तो साडीच्या फॉलच्या उरलेल्या पट्ट्यांनी केला.

माझं स्वतःचं आवडतं काम विचाराल तर विरार लोकल. गिऱ्हाइकं होती ऑफिसला जाणाऱ्या बायका, एकाच डब्यातल्या मैत्रिणी. नवरात्रात नऊ रंग नेसायचे, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचं, हे त्यांचं आधीपासूनच. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हापासून प्रवास करणारी एक त्यांच्यात होती. त्यांना सोसायटीच्या कार्यक्रमात काहीतरी करायचं होतं, आणि वय, अंग, गुडघे सगळं सांभाळून करायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही ज्यात रोज उभ्या असता तेच व्हा.

प्रत्येकीला एक खोकं, वरून-खालून उघडं, जुन्या ओढण्यांचे पट्टे खांद्यावर. पांढऱ्यावर जांभळा पट्टा. एकीचा डबा फर्स्ट क्लास, तिने पर्स आणि इंग्रजी पेपर धरला. एक लगेजचा, तिच्या डोक्यावर मोगऱ्याची आणि पालेभाजीची टोपली. पुढच्या डब्यावर ‘वि’ आणि ‘जलद’. आतल्या कड्या केल्या बांगड्यांच्या: प्लास्टिकची बांगडी आणि रिबीन, खोक्याच्या कडेला टांगलेली. चालताना त्या खऱ्या लोकलसारख्या एका लयीत हलायच्या, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. सगळ्यांचा मिळून खर्च चारशेच्या आत, त्यातलेही निम्मे रंगाचे. मंचावर आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त एकीने “बोरिवली उतरणार?” असं दुसरीला विचारलं आणि सगळ्या प्रेक्षकांतून ओरड आली, “नाही, विरार!” डबे बारा असायला हवे होते, मैत्रिणी आठच होत्या, त्यावर मागून कोणीतरी गाडीचे डबे कमी केले म्हणून तक्रारही केली.

पैशाबद्दल एवढंच. पैसे वाचतात ते वेळ घालून. ज्या ग्रुपने आदल्या रात्री धाव घेतली तो शेवटी दुकानातच गेला. ज्यांनी तीन रविवार दिले त्यांचं काम निघालं, आणि त्या रविवारी त्यांनी जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या कार्यक्रमाच्या दिवशी मारल्या नाहीत. मी शिवणाची निम्मी बाजू त्यांच्याकडूनच करून घेते. मुलग्यांना धावदोरा येत नसतो, दोन संध्याकाळींत येतो. एका पालखीवाल्याने नंतर आईच्या पिशवीचा बंद शिवून दिला म्हणे, आई फोन करून विचारत होती, तुम्ही याला काय केलंत.

३१ डिसेंबरला आमच्याकडे पोरं पेंढ्याचा म्हातारा करतात, जुनी पँट, फाटका कोट, टोपी घालतात, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नाणी मागतात आणि रात्री बाराला तो जाळतात. त्याचा कोट दरवर्षी माझ्याकडच्या चिंध्यांतूनच जातो. विरारच्या भुतांनी परत केलेलं समंधाचं उपरणं गेल्या वेळी असंच म्हाताऱ्याच्या गळ्यात गेलं. किल्ल्यांचा जुडगा तेवढा मी काढून ठेवला आहे.

यंदाची बोलणी सुरू झाली आहेत. एका ग्रुपला वसईचा लग्नाचा ब्रास बँड व्हायचंय, वाद्यं नरसाळी आणि पाण्याच्या पाइपची. दुसऱ्यांचं अजून ठरत नाही, ते रोज नवा फोटो पाठवतात. दोघांनाही सांगितलंय: दसऱ्यानंतर येणाऱ्याचं काम मी घेत नाही. नोव्हेंबर लागला की नाताळच्या फ्रॉकांची रांग लागते, आणि त्या फ्रॉकांवरच माझं घर चालतं.